दिवे बदलले, पत्रे बसवले. फरक किती पडला ते कसं मोजायचं?

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत तिथे बसलेली असतात. जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवायच्या आणि छपराच्या पत्र्यांमध्ये काही पारदर्शक पत्रे टाकायचे, असं समितीत ठरलं. ठेकेदाराने कोटेशनवरच लिहून दिलं, की वर्षाला ४,९०६ युनिट वाचतील. काम झालं, फोटो निघाले, पेढे वाटले. वर्षाने सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी बिलांची फाइल उघडली आणि विचारलं, "कार्यवाह, बिल तर वाढलंय. वाचलं काय?"

कार्यवाह मी. बिल का वाढलं ते मला माहीत होतं: त्याच वर्षी गार पाण्याचं मशीन आलं, खाली चार संगणक आले. पण दिव्यांमुळे नेमके किती युनिट वाचले, हे मात्र मला लगेच सांगता येईना. थोडीफार मोजणी केलेली होती म्हणून अब्रू वाचली, पण ती मोजणीही अर्धीमुर्धी, एका वायरमनच्या हट्टापायी झालेली. तुम्ही शाळा, वाचनालय, सोसायटी किंवा छोट्या कार्यालयासाठी असं काम काढणार असाल, तर हा लेख जुना दिवा उतरवण्याआधी वाचा. नंतर वाचलात तर अर्धाच उपयोग होईल.

हाताशी काय हवं

- गेल्या १२ महिन्यांची वीजबिलं. हरवली असतील तर ग्राहक क्रमांकावरून महावितरणच्या संकेतस्थळावर मागची बिलं पाहता येतात.
- खोलीचा हाताने काढलेला नकाशा: लांबी, रुंदी, दिव्याची जमिनीपासून उंची, टेबलाची उंची, खिडक्या, प्रत्येक दिव्याची जागा.
- ठेकेदाराचं कोटेशन आणि नव्या दिव्याचं माहितीपत्रक. वॅट, ल्युमेन (दिवा एकूण किती उजेड देतो), रंगाचं तापमान (उजेड पिवळसर की पांढरा), पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती) आणि वॉरंटी त्यात असलीच पाहिजे.
- लक्समीटर, म्हणजे टेबलावर पडणारा उजेड लक्स या एककात मोजणारं यंत्र. साधा दोन-तीन हजारांत मिळतो. जवळच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत एखादा असतोच, रीतसर पत्र दिलं तर दोन दिवस देतात.
- क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून प्रवाह मोजणारा; वायरमनकडे असतो), मीटरपट्टी, खडू, जाड वही.
- जमलं तर दिव्यांच्या सर्किटवर एक सब-मीटर आणि एक अवर मीटर. अवर मीटर म्हणजे जनरेटरच्या पॅनेलवर असतो तो तास मोजणारा छोटा डबा.

मोबाइलमधल्या लक्स ॲपबद्दल लोक हमखास विचारतात. अशी ॲप बहुधा फोनचा पुढचा सेन्सर वापरतात, आणि तो पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्यासाठी बसवलेला असतो. बाजूने तिरका येणारा उजेड तो नीट पकडत नाही. दोन फोन एकाच टेबलावर ठेवून बघा, दोघांचे आकडे वेगळे येतील. "इथे तिथल्यापेक्षा जास्त उजेड आहे" एवढंच कळायला ॲप ठीक. अहवालात त्याचे आकडे घालू नका.

१. आधी ठरवा, मोजायचं काय आहे

इथे तीन वेगळे प्रश्न असतात आणि सभेत त्यांची खिचडी होते. वीज किती वाचली? टेबलावर उजेड किती पडतो? आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांना बरं वाटतं का? पहिल्याचं उत्तर युनिटमध्ये येतं, दुसऱ्याचं लक्समध्ये, तिसऱ्याचं माणसांना विचारून. निम्मे दिवे काढून टाकले तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर झकास येईल, पण तो काही सुधार नव्हे. तिन्ही प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येकाला आधीची मोजणी आणि नंतरची मोजणी असे दोन रकाने पाडा.

२. जुने दिवे असतानाच वीज मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ट्यूबवर ३६ वॅट लिहिलेलं असतं, पण जुना तांब्याचा चोक (ट्यूबचा प्रवाह आवरणारी गुंडाळी) स्वतः आणखी १०-१५ वॅट खातो. म्हणजे पट्टीमागे (ट्यूब आणि चोक बसवलेल्या एका फिटिंगमागे) ५० वॅटच्या आसपास. ठेकेदाराने ५५ धरले होते. त्यावर वाद घालण्यापेक्षा मोजलेलं बरं. आमच्या वायरमननी जी युक्ती दाखवली तिला काहीच खर्च नाही. पंखे, संगणक, पंप, सगळं बंद करा. फक्त मोजायचे दिवे चालू ठेवा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं, एका युनिटला किती लुकलुक. आमच्या मीटरवर ३,२०० होतं. मिनिटात ४९ लुकलुक मोजले. ४९ भागिले ३,२००, गुणिले ६० मिनिटं, म्हणजे ०.९१९ किलोवॅट. ९१९ वॅट.

पट्ट्या होत्या २४. मग २४ गुणिले ५५ म्हणजे १,३२० वॅट कुठे गेले? वर बघितलं तर पाच ट्यूब बंद पडलेल्या. कित्येक महिने. चालू १९ पट्ट्यांनी ९१९ वॅट घेतले, म्हणजे पट्टीला साधारण ४८.

तुमच्याकडेही हेच असेल. बंद दिवा वीज खात नाही, त्यामुळे तो बदलून वीज वाचतही नाही. कोटेशन मात्र सगळे दिवे चालू धरून केलेलं असतं. म्हणून पायाभूत आकडे दोन लिहा: एक, आहे त्या स्थितीतला (आमचा ९१९ वॅट), दुसरा, सगळे जुने दिवे दुरुस्त केले असते तर किती झाला असता तो (२४ गुणिले ४८.४, म्हणजे १,१६१ वॅट). दोन्ही प्रामाणिक आहेत. कुठला वापरलाय ते सांगितलं नाही, तर मात्र दोन्ही खोटे.

आणखी एक बारीक गोष्ट. तांब्याच्या चोकची ट्यूब व्होल्टेज पडलं की कमी वॅट घेते आणि मंदही होते. एलईडीचा चांगला ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज जुळवून देणारं सर्किट, असं करत नाही. आमच्याकडे संध्याकाळी सातला व्होल्टेज दुपारपेक्षा बरंच खाली असतं. मोजताना व्होल्टेज लिहून ठेवा आणि शक्य असेल तर दोन्ही वेळा मोजा.

मीटर वेगळा नसेल, सगळं बंद करणं अशक्य असेल, तर क्लॅम्प मीटरने दिव्यांच्या सर्किटचा प्रवाह बघता येतो. पण साध्या क्लॅम्प मीटरच्या अँपिअरला व्होल्टने गुणून वॅट येत नाहीत. तांब्याच्या चोकचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास असतो, त्यामुळे आकडा जवळपास दुप्पट दिसतो. एकदा आम्ही हा घोळ घातला आणि पाच मिनिटं स्वतःवर खूश होतो. वॅट थेट दाखवणारा मीटर मिळवा, नाहीतर लुकलुक मोजा.

३. तास मोजा, अंदाज करू नका

युनिट म्हणजे किलोवॅट गुणिले तास. वॅट मोजायला मिनिट लागतं, तासांना महिना लागतो, म्हणून तास कुणी मोजत नाही. "सात ते अकरा, सोळा तास" असं सांगून लोक मोकळे होतात. कोटेशनमध्येही १६ तास, ३६५ दिवस होते. अवर मीटर दिव्यांच्या सर्किटला जोडला तेव्हा महिन्याची सरासरी आली १३ तास. वीज जाते, सकाळी पहिला येणारा मुलगा दिवे लावत नाही, रात्री साडेदहाला खोली रिकामी होते. सुट्ट्या वजा जाता वर्षाचे ३४० दिवस. म्हणजे ५,८४० ऐवजी ४,४२० तास.

निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मोजा. परीक्षेच्या आधीचा महिना एका बाजूला आणि दिवाळीची सुट्टी दुसऱ्या बाजूला, असं करू नका.

नंतरचे तास वेगळे मोजण्याला कारण आहे. "आता एलईडी आहे, किती खाणार!" म्हणून दिवे दिवसभर चालू राहतात. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हे सर्रास दिसतं. वॅट निम्मे झाले आणि तास दुप्पट झाले, तर हिशोब काय तो तुम्हीच करा.

४. उजेड मोजा: रात्री, टेबलाच्या उंचीवर, ठरलेल्या जागी

दिव्यांचा उजेड मोजायचा तो अंधार पडल्यावर. दिवसा मोजलात तर खिडकीचा उजेड त्यात मिसळतो.

किती जागी मोजायचं, त्याचा एक सोपा नियम आहे. लांबी गुणिले रुंदी. त्याला भागा टेबलापासून दिव्यापर्यंतच्या उंचीने, आणि परत लांबी-रुंदीच्या बेरजेने. येणारा आकडा एकपेक्षा कमी असेल तर किमान ४ जागा, एक ते दोन असेल तर ९, दोन ते तीन असेल तर १६, त्याच्या वर २५. आमची खोली १२ मीटर बाय साडेसात. दिवे २.८ मीटरवर, टेबल पाऊण मीटरचं, म्हणजे मधलं अंतर २.०५. उत्तर आलं २.२५, म्हणून १६ जागा. खोलीचे सारखे १६ चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या मध्यावर मोजायचं. जमिनीवर खडूने नाही, रंगाने छोटी खूण करा. खडू दुसऱ्या दिवशी झाडूबरोबर जातो आणि नंतरची मोजणी भलतीकडेच होते.

मोजण्याआधी दिवे २०-३० मिनिटं चालू ठेवा. ट्यूबला स्थिरावायला वेळ लागतो, आणि एलईडी गरम झाली की किंचित मंदावते. मीटर टेबलावर आडवा ठेवा, हातात धरू नका, अंगावर पांढरा सदरा घालून त्याच्यावर वाकू नका. मीटरची कळ लक्सवर आहे ना, ते बघा. काही मीटरवर फूट-कँडल असं दुसरं एकक असतं, ते जवळजवळ पावणेअकरा पटीने लहान दिसतं.

आमचे जुने आकडे: सरासरी १४० लक्स, सगळ्यात अंधारी जागा ५५. भारतीय मानक आय.एस. ३६४६ वाचनाच्या टेबलासाठी २०० ते ५०० ची पट्टी देतं, मधला आकडा ३००. म्हणजे मुलं वर्षानुवर्षं निम्म्याहून कमी उजेडात वाचत होती.

इथे एक प्रयोग जरूर करा. एका रांगेच्या ट्यूब आणि पट्ट्या ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, परत मोजा. आमच्याकडे त्या रांगेखाली उजेड डोळ्यांना कळण्याइतका वाढला. फडक्याने मिळालेला उजेड एलईडीच्या खात्यावर जमा करायचा नाही, म्हणून हे आधी करायचं.

५. दिवसाचा उजेड: यासाठी पावसाळी दिवस पकडा

कोकणातल्या जुन्या घरांत माजघरावर एक काचेचं कौल असतं, त्यातून भर दुपारी उजेडाचा चौकोन जमिनीवर उतरतो. आमचे पारदर्शक पत्रे म्हणजे त्याचीच मोठी आवृत्ती. पण सूर्याचा उजेड दर मिनिटाला बदलतो, मग मोजायचा कसा? ढग आला की निम्मा, गेला की दुप्पट.

उत्तर असं, की थेट लक्स न मोजता प्रमाण मोजायचं. उघड्या आकाशाखाली जेवढा उजेड आहे, त्याच्या किती टक्के टेबलावर पोचतो? याला दिवस-उजेड गुणक म्हणू. त्यासाठी आषाढ-श्रावणातला पूर्ण भरून आलेला दिवस उत्तम: ढग सगळीकडे सारखे, सूर्याची चकती दिसत नाही, सावली पडत नाही. दिवे सगळे बंद. एक जण गच्चीवर, जिथून चारी बाजूंचं आकाश मोकळं दिसतं, दुसरा आत. फोनवर "आता" म्हणायचं आणि दोघांनी एकाच क्षणी वाचायचं. मीटर एकच असेल तर बाहेर, आत, परत बाहेर असं मोजा आणि बाहेरच्या दोन आकड्यांत फार फरक पडला असेल तर ते वाचन सोडून द्या.

आमचं एक वाचन: बाहेर ११,०००, पत्र्याखालच्या टेबलावर ३३०, म्हणजे ३ टक्के. त्याच वेळी कपाटामागच्या कोपऱ्यात ६६, म्हणजे ०.६ टक्के. दिवसाच्या उजेडाचं भारतीय मानक, आय.एस. २४४०, बाहेर ८,००० लक्स धरून हिशोब करतं, म्हणजे १ टक्का म्हणजे ८० लक्स. त्या मापाने पत्र्याखाली २४० लक्स आणि कोपऱ्यात ४८. तिथे दिवा लागणारच.

ही मोजणीही पत्रे बसवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. आम्ही आधीची केली नव्हती. पत्रे डिसेंबरात बसले आणि पाऊस सहा महिने लांब. शेवटी एका पत्र्यावर ताडपत्री टाकून "आधी"ची स्थिती उभी केली. चालतं, पण छपरावर चढणाऱ्या माणसाला ते पटवणं अवघड गेलं.

टक्केवारीने सगळं कळत नाही. थेट ऊन कुठे आणि कधी पडतं, ते वेगळं बघावं लागतं. त्यासाठी डिसेंबर, एप्रिल-मे आणि पावसाळा, अशा तीन वेळी एकेक दिवस निवडा आणि सकाळी ८ पासून दर दोन तासांनी त्याच १६ खुणांवर मोजा, फोटो काढा. मे महिन्यात अकरा वाजता आमच्या मधल्या दोन टेबलांवर उन्हाचे पट्टे पडायचे आणि तिथला आकडा मीटरच्या २०,००० च्या मर्यादेबाहेर जायचा. त्या उजेडात पांढरं पान वाचून बघा. पत्र्याखाली पातळ पांढरं कापड ताणून लावल्यावर ते थांबलं.

उत्तरेच्या खिडकीबद्दल इंटरनेटवर जे वाचाल, ते बहुतेक युरोपातलं असतं: उत्तरेकडून कधीच थेट ऊन येत नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. साताऱ्याच्या आसपास शून्य सावली दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दुपारीही माथ्याच्या उत्तरेला असतो. एप्रिलपासूनच सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं. उत्तर दिशा म्हणून पडदा लावला नाही, तर ऐन उन्हाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, ते उमगतं.

६. काम चालू असताना तिथे उभे राहा

दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक: जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवत असतील, तर चोक आणि स्टार्टरचं काय केलं ते विचारा. चोक तसाच आत ठेवून वर नवी ट्यूब चढवली, तर चोकचा थोडा खर्च चालूच राहतो आणि पुढे काही बिघडलं की दोष कुणाचा ते कळत नाही. चोक काढून सरळ वायरिंग करायचं की पूर्ण पट्टी बदलायची, ते कोटेशनमध्येच ठरवा.

दुसरी: जागा. जिथे जुना हुक, तिथे नवी पट्टी, हा वायरमनचा धर्म. आमच्या जुन्या पट्ट्या वीस वर्षांपूर्वीच्या टेबलांच्या मांडणीप्रमाणे होत्या. टेबलं तेव्हापासून दोनदा हलली आहेत.

उतरवलेल्या ट्यूब फोडू नका, भंगारवाल्याला फेकू देऊ नका. आत पारा असतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत हे दिवे येतात. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या आणि पावती फाइलला लावा.

७. नंतरची मोजणी: त्याच खुणा, तोच मीटर, तीच वेळ

नवे दिवे लागल्याच्या दिवशी मोजायची घाई करू नका, आठवडाभर चालू द्या. मग तीच लुकलुक: आमचे मिनिटाला २६, म्हणजे ४८८ वॅट. पट्टीवर २० वॅट लिहिलेलं, प्रत्यक्ष २०.३. इथे ठेकेदार खरा निघाला, तेही सांगायला हवं.

उजेडाची सरासरी १४० वरून ३१० लक्सवर गेली. टाळ्या वाजल्या. पण अंधारी जागा १५० होती. सर्वात कमी भागिले सरासरी केलं तर ०.४८. हा आकडा आम्ही ०.६ च्या वर हवा असं ठरवलं होतं, नाहीतर मान वर करून फळ्याकडे आणि परत पानाकडे बघताना डोळ्यांना सारखं जुळवून घ्यावं लागतं. चार पट्ट्या हुक सोडून दीड-दीड मीटर सरकवल्या. सरासरी किंचित घटून ३०५ झाली, पण अंधारी जागा २०५ वर आली, प्रमाण ०.६७. खर्च फक्त वायरचा आणि चहाचा. नुसती सरासरी बघितली असती तर हे कधीच झालं नसतं.

दिवा धडधडतो का, याची तपासणी मोबाइलने होते, आणि यासाठी मोबाइल खरंच चांगला. दिव्याचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. स्वस्त ड्रायव्हर असेल तर दिवा पडद्यावर स्पष्ट धडधडताना दिसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही धडधड सेकंदाला १०० वेळा. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण बारा तास त्याखाली वाचणाऱ्या काहींचं डोकं मात्र चढतं. आमच्या २४ पैकी तीन पट्ट्या वेगळ्या बनावटीच्या घुसडलेल्या होत्या, त्या अशाच सापडल्या. बदलून मिळाल्या.

८. माणसांना विचारा, पण नीट विचारा

"नवीन लाइट कसे वाटतात?" असं विचारलंत तर सगळे "छान" म्हणतात. समितीच्या माणसासमोर आणखी काय म्हणणार? एका चिठ्ठीवर नाव न घेता चार प्रश्न द्या: वाचताना पान चमकतं का, सावली पानावर पडते का, संध्याकाळी डोळे दुखतात का, कुठल्या वेळी उजेड कमी वाटतो. हीच चिठ्ठी बदलाच्या आधीही भरून घ्या.

त्याहून सोपी तपासणी अशी, की रोज ठरावीक वेळी कुठली खुर्ची रिकामी आहे ते नकाशावर टिंबाने मांडा. आमचा कपाटामागचा कोपरा आधी कायम रिकामा असायचा. पट्ट्या सरकवल्यावर तोही भरायला लागला. उलट पत्र्याखालची टेबलं, जी आमच्या मते सर्वात उजेडाची, ती मे महिन्यात रिकामी. एका मुलीने चिठ्ठीवर लिहिलं होतं: "उजेड भरपूर, पण डोकं भाजतं."

९. हिशोब मांडा

आता वहीतले आकडे एकत्र आणा.

आहे त्या स्थितीतला जुना खर्च: ०.९१९ गुणिले ४,४२० तास, ४,०६२ युनिट. नवा: ०.४८८ गुणिले ४,४२०, २,१५७ युनिट. बचत १,९०५ युनिट. कोटेशनमधल्या ४,९०६ च्या जेमतेम ३९ टक्के. सगळे जुने दिवे दुरुस्त केले असते असं धरलं, तर जुना खर्च ५,१३२ आणि बचत २,९७५. सभेत मी दोन्ही आकडे सांगितले, आणि सोबत हेही, की उजेड दुप्पट झालाय.

पारदर्शक पत्र्यांमुळे मधल्या आठ पट्ट्या दिवसा सरासरी पाच तास बंद ठेवता येतात. १६३ वॅट गुणिले १,७०० तास, म्हणजे २७७ युनिट. बस्स. आधीच वीस वॅटचा झालेला दिवा बंद ठेवून मोठी बचत होत नाही. एलईडी आल्यावर दिवसाच्या उजेडाची पैशातली किंमत घटते, हे पत्रे विकणारा सांगत नाही. त्यातून उन्हाळ्याचे दोन महिने दहा पंखे रोज दोन तास जास्त चालतात असं धरलं, तर ७५ वॅटच्या पंख्याने ९० युनिट परत जातात. नुसत्या बिलाकडे बघून पत्र्यांचे पैसे फिटणार नाहीत. पण वीज गेल्यावर दुपारी अभ्यासिका बंद पडत नाही, आणि हे मुलांना बचतीपेक्षा मोठं वाटतं. ही गोष्ट अहवालात वेगळी लिहा, तिला जबरदस्तीने युनिटमध्ये बसवू नका.

रुपयांत तुलना करू नका. दर बदलतात, स्थिर आकार आणि वहन आकार असतात, इंधन समायोजन दर महिन्याला वेगळं असतं. युनिटमध्ये मांडा आणि शेवटी एकदाच चालू दराने गुणा.

मोठ्या इमारतीसाठी एवढं पुरत नाही. अशा मोजणीची आयपीएमव्हीपी नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्यात अ, ब, क, ड असे चार पर्याय आहेत: वॅट मोजून तास ठरवून घ्यायचे, दोन्ही सतत मोजायचे, पूर्ण इमारतीच्या बिलावरून काढायचं, किंवा संगणकावर इमारतीची नक्कल करायची. आम्ही केलं ते पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधलं. आमचे सभासद जे बिल नाचवत होते, तो तिसरा पर्याय; बचत एकूण बिलात ठळक दिसण्याइतकी मोठी असेल आणि बाकी काही बदललं नसेल, तरच तो उपयोगी. वातानुकूलित कार्यालयात आणखी एक धागा असतो: दिव्याचा प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होतो, त्यामुळे दिवे कमी वॅटचे झाले की एसीचंही थोडं वाचतं. ते वेगळ्या ओळीत दाखवा.

१०. सेन्सर बसवले असतील तर

उजेड बघून आपोआप मंद होणारे दिवे, माणूस हलला की लागणारे दिवे: हे कागदावर सर्वात जास्त वाचवतात आणि प्रत्यक्षात सर्वात लवकर बंद पडतात. बंद पडतात म्हणजे बिघडत नाहीत, कुणीतरी वैतागून बायपास करतं. सेन्सर खिडकीच्या उन्हात बसवला, की खोलीचा मागचा भाग अंधारात असतानाही दिवे मालवतात. अभ्यासिकेत माणूस हालचाल न करता बसतो, त्यामुळे हालचालीचा सेन्सर तिथे अजिबात नको. सोसायटीच्या जिन्यात आणि पार्किंगमध्ये चालेल. बसवल्यावर संध्याकाळी, ढगाळ दुपारी आणि कडक उन्हात, तिन्ही वेळी सेन्सर काय करतो ते स्वतः बघा. तीन महिन्यांनी परत जाऊन सेन्सरवर टेप चिकटवलेली आहे का, तेही बघा.

११. वर्षाने परत

एलईडीचं आयुष्य म्हणून जे तास छापतात, ते बहुधा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. दिवा जळत राहतो, मंद होत जातो, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ड्रायव्हर मात्र त्याच्या कितीतरी आधी जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक पट्टीवर मार्करने क्रमांक आणि बसवल्याची तारीख लिहा; वॉरंटीसाठी बिल शोधण्यापेक्षा ते सोपं पडतं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईनंतर, त्याच १६ खुणांवर रात्री मोजा.

पारदर्शक पत्रे पिवळे पडतात, शेवाळ धरतात, त्यांच्या कडेने पाणी गळतं. पाऊस संपल्यावर धुवा आणि पुढच्या आषाढात गुणक परत काढा. आमचा ३ टक्क्यांवरून २.१ वर आला होता, धुतल्यावर २.७. उरलेलं धुऊन जाणारं नाही, पत्रा जुना होतोय.

वहीच्या शेवटच्या पानाची एक छायाप्रत डीबीच्या (एमसीबी म्हणजे आपोआप पडणारे स्विच असतात त्या पेटीच्या) दाराला आतून चिकटवलेली आहे. समिती बदलते, वही कपाटात हरवते, पण एमसीबी पडला की डीबी कुणाला तरी उघडावाच लागतो.